माईनमूळ, उंदराची चरबी आणि मावशीचा मेसेज

परवा रात्री साडेदहाला मावशीचा मेसेज आला. मेसेज म्हणजे एका डबीचा फोटो आणि खाली, "अगं तू उंदरांच्या चरबीवरच शिकलीस ना? मग हे घेऊ का मी?" डबीवर लिहिलेलं, औषधी वनस्पतीचा अर्क, चरबीचं विघटन वाढवतो, प्राण्यांवरच्या प्रयोगांत सिद्ध.

आता गंमत अशी की डबीवरचं वाक्य खोटं नाहीये. शब्द न् शब्द धरला तर खरंच आहे ते. प्राण्यांवर प्रयोग झालेत, विघटन वाढतं, मी स्वतःच्या हातानं वाढवलंय, एमएस्सीच्या प्रोजेक्टला, एकदा नाही तर कंटाळा येईपर्यंत. तरी मी मावशीला पटकन "नको" टाइप केलं, तिनं "का गं?" विचारलं आणि मी अडकले, कारण ते "का" एका मेसेजात मावेना. मग व्हॉइस नोट केली, ती नऊ मिनिटांची झाली, ती तिनं ऐकली नाही (दोन निळ्या टिका आल्या आणि पाठोपाठ एक अंगठा, यावरून कळतंच). म्हणून म्हटलं लिहूनच काढावं, तिला लिंक पाठवता येईल आणि माझ्याही डोक्यातलं एकदा बाहेर येईल.

तर डबीत होतं माईनमूळ. कोलियस फोर्सकोहली हे त्याचं शास्त्रीय नाव, हल्ली कोलियस बार्बेटस असंही लिहितात, वनस्पतीशास्त्रवाल्यांना बारसं करायची हौस दांडगी. तुळशीच्याच कुळातलं झाड, लवदार पानं, जांभळट निळी फुलं आणि जमिनीखाली बोटासारखी जाड मुळं, औषध असतं ते या मुळांत. नावातला फोर्सकोल म्हणजे पेटर फोर्सकोल, लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाचा शिष्य, झाडं गोळा करत करत येमेनला पोचला आणि १७६३ मध्ये तिथेच मलेरियानं गेला. आपलं नाव पुढे वजन कमी करायच्या डब्यांवर झळकणार आहे हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार.

१९७०च्या दशकात मुंबईत हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात झाडांचे अर्क एकामागून एक तपासायचं काम चालू होतं, त्यात या मुळांमधून एक पदार्थ हाती लागला आणि त्याला नाव मिळालं फोर्सकोलिन. साधारण त्याच सुमाराला लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतही याच मुळांमधून पदार्थ वेगळा काढला होता, त्यांनी त्याला कोलिओनॉल म्हटलं, पुढे दोन्ही एकच निघाले. आणि सापडलं काय म्हणून? तर रक्तदाब उतरवणारं औषध म्हणून. चरबीबिरबीचा विषयच नव्हता. हे रक्तदाबाचं लक्षात ठेवा, मावशीच्या बाबतीत ते पुढे लागणारे.

चरबीची पेशी मायक्रोस्कोपखाली कधी बघितली नसेल तर सांगते, ती पेशी वाटतच नाही. तेलाचा एक भला मोठा गोल थेंब, त्याच्याभोवती पापुद्र्याएवढा पेशीद्रव आणि केंद्रक कडेला चेपून बसलेलं, गच्च भरलेल्या बसमध्ये खिडकीला चिकटलेल्या माणसासारखं. थेंबात असतं ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलचा एक दांडा आणि त्याला लटकलेली तीन फॅटी ॲसिडं. चरबीचं विघटन म्हणजे ही तीन लटकलेली फॅटी ॲसिडं एकेक करून सोडवायची, बस्स, एवढंच. त्यासाठी तीन एन्झाइम ओळीनं काम करतात, एटीजीएल पहिलं सोडवतं, एचएसएल दुसरं, मोनोग्लिसराइड लायपेज तिसरं. यातलं पहिलं तर थेट २००४ मध्ये सापडलं, तोवर सगळे पहिला मान एचएसएललाच देत होते, पण एचएसएल काढून टाकलेले उंदीर बनवले आणि त्यांची चरबी तरीही फुटतच राहिली तेव्हा लोकांची ट्यूब पेटली की आणखी कोणीतरी आहे.

एरवी या थेंबाला पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचा पहारा असतो, एन्झाइमला सहजासहजी आत घेत नाहीत. पहारा उठवायचा हुकूम येतो बाहेरून. प्राणी घाबरला, पळाला, उपाशी राहिला की ॲड्रेनालिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनालिन येऊन पेशीच्या दारावरची बेल वाजवतात, ही बेल म्हणजे बीटा रिसेप्टर. बेल वाजली की दारामागचं जी प्रोटीन धावत जाऊन ॲडेनिलिल सायक्लेज नावाच्या एन्झाइमला उठवतं, ते सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू बनवायला लागतं, त्यानं प्रोटीन कायनेज ए जागं होतं, ते पेरिलिपिनवर आणि एचएसएलवर फॉस्फेटचा शिक्का मारतं, पहारा उठतो, चरबी फुटायला लागते. या साखळीतल्या सायक्लिक एएमपीसाठी सदरलँडना १९७१ चं नोबेल मिळालं आणि जी प्रोटीनसाठी गिलमन आणि रॉडबेलना १९९४ चं, म्हणजे मावशीच्या पोटाच्या घेरात निदान दोन नोबेलं दडलेली आहेत (मावशी, हे वाचत असशील तर सॉरी).

फोर्सकोलिन काय करतं तर बेल वाजवायच्या भानगडीतच पडत नाही. सरळ घरात शिरतं आणि सायक्लेजचा खटका दाबतं. १९८१ मध्ये सीमन, पॅजेट आणि डेली यांनी हे दाखवलं आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये फोर्सकोलिनची बाटली फ्रीजरमध्ये असतेच असते. सायक्लिक एएमपी वाढवून बघायचंय? टाक फोर्सकोलिन. चरबीच्या प्रयोगात तर ते पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे बाकी काही चाललं नाही तरी हे चालणारच, आणि हे चाललं नाही तर पेशी मेल्यात असं समजून गपचूप घरी जायचं.

आमचं काम रॅटवर होतं. (मराठीत रॅट आणि माऊस दोघंही उंदीरच, त्यामुळे घोळ होतो, मोठा तो रॅट, छोटा तो माऊस, मी पुढे मुद्दाम तसंच लिहिणारे.) नर रॅटच्या वृषणांशेजारी चरबीची दोन पाती असतात, पांढरट गुलाबी, ओलसर, चिमट्यात धरली की निसटणारी. ती काढायची म्हणजे रॅट मारावा लागतो, हे मी इथे आडून आडून लिहीत नाही. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता, मॅडमनी ते काम स्वतः केलं आणि मला फक्त पाती कोमट बफरमध्ये (म्हणजे पेशींना मानवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) झेलायला सांगितली.

मग कात्रीनं बारीक बारीक तुकडे, त्यात कोलॅजिनेज हे एन्झाइम, ३७ अंशांवर साधारण तासभर हलवत ठेवायचं, कोलॅजिनेज पेशींना बांधून ठेवणारं जाळं खातं आणि पेशी मोकळ्या होतात. ही पद्धत रॉडबेलची, १९६४ ची, तोच वर आलेला नोबेलवाला. इतक्या वर्षांनी आम्ही जवळपास तेच करत होतो. नायलॉनच्या जाळीतून गाळलं, सेंट्रिफ्यूज हलकेच फिरवलं आणि इथे माझी पहिली फजिती झाली. बीएस्सीपासून हाताला सवय काय, तर सेंट्रिफ्यूज झालं की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि तळाची गोळी ठेवायची. मी सवयीनं वरचं सिंकमध्ये ओतलं. पण चरबीच्या पेशी तेलानं भरलेल्या, त्या तळाला कशाला जातील, त्या तरंगतात! वर जी फिकट पिवळसर साय जमली होती तेच तर सगळं काम होतं आणि ते मी नळाखाली सोडून दिलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. फक्त सिंककडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

या पेशी नाजूकही फार. काचेच्या नळीला घासल्या की फुटतात म्हणून सगळं प्लास्टिकमध्ये करायचं, पिपेटच्या टोकाचा पुढचा भाग कापून तोंड मोठं करायचं, जोरात ढवळायचं नाही. फुटलेल्या पेशींचं तेल वर तवंगासारखं चमकतं, तो तवंग दिसला की समजायचं आज आपण घाई केली.

आता चरबी फुटली हे मोजायचं कसं? फॅटी ॲसिड मोजता येतं पण त्याचा भरवसा नसतो, कारण सुटलेल्यातलं बरंचसं पेशी लगेच परत जोडून थेंबात टाकते. ग्लिसरॉलचं तसं नाही. सुटलेलं ग्लिसरॉल परत वापरायला जे एन्झाइम लागतं ते चरबीच्या पेशीत नावापुरतंच असतं, त्यामुळे ग्लिसरॉल एकदा सुटलं की ते बाहेरच पडतं. म्हणून बाहेरच्या बफरमध्ये ग्लिसरॉल किती आलं ते मोजायचं, एक रिएजंट टाकायचा, गुलाबी जांभळा रंग येतो, ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. रंग गडद तितकं विघटन जास्त. फोर्सकोलिन टाकलेली नळी बघता बघता गडद व्हायची आणि नुसत्या बफरची फिकट राहायची, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या की मला दरवेळी उगाच आनंद व्हायचा, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं तरी.

मग आली अर्काची पाळी. शुद्ध फोर्सकोलिन महाग म्हणून आणि प्रोजेक्टचं नावच "अर्काचा परिणाम" असल्यामुळे एका पुरवठादाराकडून तयार द्रव अर्क मागवला होता. टाकला, रिएजंट घातला आणि बाप रे, जांभळा म्हणजे असा जांभळा की मशीननं रीडिंगच द्यायला नकार दिला, रेंजच्या बाहेर. शुद्ध फोर्सकोलिनच्या कितीतरी पट! मी डोक्यात पेपरचं शीर्षकसुद्धा लिहिलं. पळत मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "पेशी न घालता नुसता अर्क घेऊन रीडिंग घेतलंस?" नव्हतं घेतलं. घेतलं. तितकंच जांभळं. एकही पेशी नसताना. मग त्या म्हणाल्या, "बाटलीचं लेबल वाचलंस का गं?"

लेबलवर बारीक अक्षरात होतं, बेस: ग्लिसरीन.

ग्लिसरीन म्हणजेच ग्लिसरॉल. म्हणजे अर्क ज्यात बनवला होता तोच पदार्थ मी "चरबी फुटली" म्हणून मोजत होते. दीड आठवडा गेला. त्यानंतर पावडर अर्क आणला, तो डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवला (फोर्सकोलिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही), तर त्याचा स्वतःचा तपकिरी रंग रीडिंगमध्ये यायला लागला, मग प्रत्येक डोसचा वेगळा ब्लँक, म्हणजे पेशी न घालता नुसता अर्क, ठेवावा लागला. आणि वर मॅडमनी आणखी एक भुंगा सोडला, की झाडांच्या अर्कात बऱ्याचदा सॅपोनिन असतात, साबणासारखी, ती पेशींचं आवरणच फोडतात, तेव्हा पेशी काम करतेय का मरतेय तेही तपास. म्हणजे "अर्कानं विघटन वाढलं" या तीन शब्दांच्या मागे इतकं सगळं साफ करायचं असतं. सगळं साफ केल्यावर आमच्याकडे काय उरलं? वाढतं. शुद्ध फोर्सकोलिनपेक्षा कमी, पण वाढतं. डबीवरचं वाक्य खरं ते इथपर्यंत.

आता मुद्द्याचं. चरबी फुटणं वेगळं आणि चरबी जळणं वेगळं.

लोकांना विघटन म्हटलं की वाटतं चरबी गेली. गेली कुठे? नळीत होती तेव्हा बफरमध्ये गेली, मी ती सिंकमध्ये ओतली, विषय संपला. प्राण्याच्या अंगात सिंक नसतं. सुटलेलं फॅटी ॲसिड रक्तात अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून निघतं, स्नायू काम करत असतील तर ते घेतात आणि जाळतात, नसतील तर बरंचसं यकृताच्या गळ्यात पडतं किंवा फिरून परत चरबीच्याच पेशीत येऊन जमा होतं. विघटन म्हणजे गोदामाचं शटर उघडणं आहे, माल विकला जाणं नव्हे. उचलणाराच नसेल तर माल रस्त्यावर पडून राहतो.

आणि रस्त्यावर पडून राहिलेला माल किती महागात पडतो हे बघायचं तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. व्यालेली दुभती गाय घ्या. दुधात जेवढी ऊर्जा जाते तेवढी तिच्या पोटात जात नाही, त्यामुळे अंगावरची चरबी धडाधड फुटायला लागते, अगदी त्या डबीवर लिहिलंय तसं विघटन वाढतं, विदाउट कॅप्सूल. फॅटी ॲसिडचा लोंढा यकृतावर येतो, यकृत जमेल तितकं जाळतं, काहीचे कीटोन करतं, उरलेलं स्वतःतच साठवतं. रक्तातलं बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट (यातलाच एक कीटोन) १.२ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेलं की कीटोसिस या आजाराची सुरुवात धरतात, गाय खायचं सोडते, दूध उतरतं. लठ्ठ मांजर काही कारणानं थोडे दिवस जेवलं नाही तर त्याचं यकृत चरबीनं असं भरतं की जीवावर बेततं. गाढवं आणि शेटलँड पोनी तर यात सगळ्यात हळवी, उपास घडला की रक्तात इतकी चरबी येते की नळीतलं रक्त ठेवून दिल्यावर वरचा द्रव दुधासारखा पांढरा दिसतो. या सगळ्या प्राण्यांमध्ये "चरबीचं विघटन वाढलं" हे आजाराचं वर्णन आहे.

याच्या उलटंही आहे. एटीजीएल नसलेले माऊस बनवले तर त्यांची चरबी फुटेना, ती हृदयातसुद्धा साठत गेली आणि ते लवकर मेले. म्हणजे शटर बंद ठेवूनही भागत नाही. इन्सुलिन दर जेवणानंतर हे शटर ओढून घेतं आणि उपाशीपोटी ते उतरलं की शटर थोडं वर होतं, दिवसभर हेच चालू असतं, आणि इथे आपण डबीतून एक माणूस पाठवतोय जो म्हणतो सगळी शटरं वर.

सगळी म्हणजे खरंच सगळी, कारण सायक्लिक एएमपी फक्त चरबीच्या पेशीत नसतं. हृदयात ते वाढलं की ठोके वाढतात आणि जोर वाढतो, रक्तवाहिन्यांत वाढलं की त्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो. फोर्सकोलिनचाच पाण्यात विरघळणारा भाऊ, कोलफोर्सिन डॅरोपेट, जपानमध्ये हृदय अचानक कमजोर पडलेल्या रुग्णांसाठी औषध म्हणून वापरात आला तो याच गुणावर. आतड्याच्या अस्तरात सायक्लिक एएमपी वाढलं की पाणी सुटतं, कॉलऱ्याचं विष नेमकं हेच करतं. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये वाढलं की त्या एकमेकींना चिकटेनाशा होतात. खटका एकच पण तो घरोघरी बसवलेला आहे.

आता तो प्रयोग, जो मी मावशीला व्हॉइस नोटच्या सातव्या मिनिटाला सांगितला होता आणि तिथवर ती पोचली नाही. जपानमध्ये माऊसना खाण्यात मिसळून माईनमुळाचा अर्क दिला. २०१३ मध्ये ते छापून आलं. यकृताचं वजन डोसप्रमाणे वाढत गेलं, यकृतातली औषधं फोडणारी सायटोक्रोम एन्झाइम फुगली, आणि याच गटाच्या कामात यकृतात चरबी भरलेलीही दिसली. चरबी कमी करायच्या अर्कानं फॅटी लिव्हर! मला आधी वाटलं की बघा, गोदामाचं शटर उघडलं आणि माल यकृतात गेला, माझीच थिअरी. पण तसं सरळ नाहीये. त्यांनी शुद्ध फोर्सकोलिनही वेगळं देऊन बघितलं, आणि त्यानं यकृताला तसा त्रास झाला नाही. म्हणजे दोषी फोर्सकोलिन नव्हतंच, अर्कातलं दुसरंच काहीतरी होतं. आमच्या ग्लिसरीनच्या बाटलीसारखंच की! अर्क म्हणजे एक रेणू नसतो, आख्खं मूळ असतं, त्याची ख्याती एका रेणूमुळे असते आणि परिणाम शेकडो रेणूंचा मिळून होतो.

मग चांगले निकाल आलेच नाहीत का? आले ना. २००५ मध्ये अंडाशय काढलेल्या मादी रॅटवरचं काम आलं, अंडाशय काढलं की रॅट जास्त खातात आणि वजन वाढतं, त्यांना हा अर्क दिला तर वजन कमी वाढलं, चरबी कमी साठली. पण त्याच कामात असंही होतं की खाणंही कमी झालं. आता सांगा, चरबी विघटनानं कमी झाली की दोन घास कमी खाल्ल्यानं? कडू पावडर खाण्यात मिसळल्यावर कोण आवडीनं खाईल, रॅट असो की माणूस. याला उपाय असतो, पेअर फीडिंग म्हणतात, म्हणजे अर्कवाल्या गटानं काल जेवढं खाल्लं बरोब्बर तेवढंच आज दुसऱ्या गटाला साधं द्यायचं आणि मग दोघांची वजनं बघायची. काम किचकट आहे, रोज उरलेलं खाणं वजन करायचं, पिंजऱ्याच्या तळाला सांडलेलं वेचून तेही मोजायचं. मी असा कुठलाही अर्काचा पेपर उघडला की आधी खाण्याचा तक्ता शोधते. नसेल तर पेपर बंद.

प्राणी म्हणजे सगळे सारखे नव्हेत हेही आहेच. कोंबडीची चरबी फोडायचा हुकूम मुख्यतः ग्लुकागॉन हे हार्मोन देतं, ॲड्रेनालिनला तिथे फार किंमत नाही. माणसाच्या चरबीच्या पेशीवर बीटा रिसेप्टरच्या जोडीला अल्फा टू रिसेप्टर भरपूर असतात, ते उलट काम करतात, ब्रेकचं, आणि रॅट-माऊसच्या पेशीवर ते फारच कमी. बीटा थ्री रिसेप्टरवर चालणाऱ्या औषधांनी लठ्ठ माऊस झरझर बारीक झाले होते, कंपन्यांनी मोठ्या आशा लावल्या, माणसात तसं काही झालंच नाही. शिवाय माऊस आपल्याला सोयीच्या २२ अंशांत ठेवतात, त्याला खरं तर ३० च्या आसपास बरं वाटतं, त्यामुळे तो दिवसभर कुडकुडत तपकिरी चरबीत (ही अंग गरम ठेवणारी चरबी) फॅटी ॲसिड जाळत बसलेला असतो. म्हणजे त्याच्याकडे माल उचलणारा ट्रक दाराशी उभा! त्याचं शटर उघडलं तर फायदा होईलही. मावशी सोफ्यावर, पंखा दोनवर.

तपकिरी चरबीवर खरं तर वेगळं लिहायला हवं, इथे नको.

आणखी एक घोळ जाता जाता. चरबीचं विघटन हे शब्द दोन जागी वापरतात आणि अर्थ एकदम उलटे होतात. आतड्यात खाल्लेल्या चरबीचं विघटन झालं तर ती अंगात शोषली जाते, म्हणजे तिथे विघटन कमी केलं तर वजन कमी. कितीतरी झाडांचे अर्क स्वादुपिंडाच्या लायपेजला, म्हणजे चरबी फोडणाऱ्या एन्झाइमला, अडवतात म्हणून "उपयोगी" म्हटले जातात. आणि साठलेल्या चरबीच्या बाबतीत विघटन वाढवलं तर उपयोगी. एकाच जाहिरातीत "विघटन वाढवतो" आणि "विघटन रोखतो" दोन्ही छापलेलं मी वाचलंय, आणि तांत्रिकदृष्ट्या दोन्ही खरं असू शकतं, पण लिहिणाऱ्याला ते माहीत होतं असं मला वाटत नाही.

माणसांवरचं थोडक्यात, कारण आहेच थोडकं. २००५ मध्ये दोन छोट्या चाचण्या छापून आल्या. दोन्हीकडे १२ आठवडे, २५० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, १० टक्के फोर्सकोलिनवाला. एकीत ३० जाड पुरुष, त्यांच्यात चरबीचं प्रमाण कमी झालं पण वजनात फरक पडला नाही. दुसरीत २३ बायका, त्यांच्यात चरबीतही धड फरक नाही. यावर कोणी डबी विकत असेल तर विको, पण "सिद्ध" हा शब्द मला जरा जड वाटतो.

तर हे सगळं काल संध्याकाळी मावशीला फोनवर सांगितलं, समोर हा ड्राफ्ट ठेवून वाचूनच दाखवला म्हणा ना, घेराचा विनोद तेवढा गाळला. गाईपर्यंत ती हं हं करत होती, मांजरापाशी हळहळली. मग म्हणाली, "आणि ते उंदीर गं? त्यांचं काय झालं?" मी म्हटलं, "मावशी, चरबी आतून काढायची म्हटल्यावर..." "कळलं, कळलं. पुढचं सांग."

पुढचं मी विचारलं, "तुझी बीपीची गोळी चालू आहे ना?" चालू आहे. "आणि ती रक्त पातळ करायची?" तीही. म्हटलं मग आधी तुझ्या डॉक्टरांना डबी दाखव, रक्तदाब उतरवतं म्हणूनच सापडलं होतं हे मूळ, वर प्लेटलेटचं आहेच, आणि ती फुगलेली यकृताची एन्झाइम तुझ्या गोळ्याही लवकर फोडून टाकू शकतात, त्यांना कळलंच पाहिजे. यावर पलीकडे जरा शांतता. डबी हातात घेतल्याचा, झाकण फिरवल्याचा आवाज आला, मग चष्मा शोधल्याचा.

"इथे बारीक लिहिलंय, दहा टक्के फोर्सकोलिन," ती म्हणाली. "मग उरलेलं नव्वद टक्के काय आहे गं?"

मी म्हटलं, "मावशी, तू माझ्या प्रोजेक्टला हवी होतीस."